हलतंय नक्की काय?

परवा भाचीचा अभ्यास घेत होते. अकरावीला आहे, फिजिक्सची परीक्षा तोंडावर आलीये, आणि ती वहीतला एक तक्ता घोकत बसली होती. मधे उभी रेघ, डावीकडे यांत्रिक लहरी, उजवीकडे विद्युतचुंबकीय लहरी. यांना माध्यम लागतं, त्यांना लागत नाही. यांचा वेग कमी, त्यांचा जास्त. उदाहरण ध्वनी, उदाहरण प्रकाश. असे सात मुद्दे, आणि सातही तिला धडाधड येत होते, म्हणून मी सहज विचारलं की समजा माझा मोबाईल एका काचेच्या हंडीत दोऱ्याने टांगला, हंडीतली सगळी हवा पंपाने काढून घेतली आणि तू मला फोन लावलास, तर काय होईल?

ती थांबली. मग म्हणाली, "मावशी, लागणारच नाही ना फोन, आत हवाच नाहीये."

तक्त्यातला पहिलाच मुद्दा, तोंडपाठ असलेला, आणि तरी उत्तर चुकलं. मला तिचा राग नाही आला, उलट वाटलं की आपण हे शिकवतोच असं की दोन रकाने पाठ होतात आणि प्रत्यक्षात काय घडतंय ते डोळ्यासमोर येतच नाही. त्या रात्री आम्ही दोघी साडेअकरापर्यंत याच्यावरच बोलत बसलो होतो, त्यातलं जे आठवतंय ते लिहून ठेवतेय.

फोन लागेल. स्क्रीन उजळेल, तिचं नाव दिसेल, स्पीकरचा पडदा नेहमीसारखाच थरथरेल, फक्त रिंग ऐकू येणार नाही. टॉवरकडून येणाऱ्या रेडिओ लहरींना हंडीत हवा आहे की नाही याच्याशी काही घेणंदेणं नाही, त्या काचेतून आत शिरतात आणि फोनपर्यंत पोचतात. स्क्रीनचा उजेड बाहेर येतो, तोही तसाच. अडकतो तो आवाज. दोऱ्याने टांगायचा कारण तळाला टेकवून ठेवला तर फोनची थरथर तळातून, टेबलातून बाहेर येईल, आणि हे ज्याला पहिल्यांदा नीट सुचलं त्यातला एक म्हणजे शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉईल. १६६० च्या त्याच्या पुस्तकात हा प्रयोग आहे, त्याने खिशातलं घड्याळ दोऱ्याने हंडीत टांगलं, हवा काढत गेला आणि टिकटिक हळूहळू विरत गेली. घड्याळ मात्र दिसत होतं! मला वाटतं या एका प्रयोगात तो अख्खा तक्ता आहे, आवाज गेला आणि उजेड राहिला, एकाच हंडीत, एकाच वेळी.

इथे एक गोष्ट सांगायला हवी जी शाळेत सहसा सांगत नाहीत. लॅबमधल्या साध्या पंपाने हवा पूर्ण जात नाही, थोडी उरतेच, आणि त्या विरळ हवेतूनही आवाज जाऊ शकतो. तरी तो ऐकू येईनासा होतो कारण मुळात इतक्या विरळ हवेला हंडीतली घंटा (शाळेत घड्याळाऐवजी घंटा टांगतात) नीट ढकलूच शकत नाही, आणि जे थोडंफार ढकललं जातं ते काचेच्या जाड भिंतीला हलवू शकत नाही. म्हणजे प्रयोग बरोबर आहे, फक्त "निर्वातात आवाज जात नाही" हे तिथे पूर्णपणे सिद्ध होत नाही, त्या दिशेने बोट दाखवलं जातं.

आता हंडी आणि पंप घरात कुठून आणायचा. पण उलटा प्रयोग घरी होतो, आणि तो आम्ही तिथल्या तिथे केला. मोबाईलवर दोन मिनिटांनंतरचा अलार्म लावला, मोबाईल ॲल्युमिनियम फॉईलमधे गुंडाळला आणि भाचीला फोन लावायला सांगितलं. पहिल्या वेळी रिंग आली. तिचा चेहरा पडला. फॉईल उलगडून बघितली तर फाटलेली कुठेच नव्हती, पण कडा नुसती कडेवर टेकवलेली होती, बोटभर लांब फट, रुंदी केसाएवढी. इथेच खरी मजा आहे, कारण रेडिओ लहरींसाठी फट किती रुंद आहे याच्यापेक्षा ती किती लांब आहे हे महत्त्वाचं असतं. मोबाईलच्या लहरींची तरंगलांबी (लाटेच्या एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचं अंतर) साधारण १० ते ३५ सेंटिमीटरच्या घरात असते आणि केसाएवढी पण लांबलचक चीर तिला पुरते. मग आम्ही कडा दोन-दोनदा दुमडल्या, वरून अजून एक थर दिला, नखाने दाबून घट्ट केल्या. आता पलीकडून "संपर्क क्षेत्राबाहेर" ऐकू आलं. आणि आम्ही दोघी बघतच होतो तेवढ्यात त्या चकाकत्या पुडक्यातून अलार्म वाजायला लागला, जरासा दबका, पण स्पष्ट.

म्हणजे हंडीत फोन पोचतो पण आवाज येत नाही, आणि फॉईलमधे फोन पोचत नाही पण आवाज येतो.

भाची त्या पुडक्यावर बोट ठेवून बसली होती. म्हणाली, "मावशी, फॉईल थरथरतीये." हो ना. तेच तर. फॉईल मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकी जाड, वजनाला काहीच नाही, आतली हवा तिला ढकलते, ती बाहेरच्या हवेला ढकलते, आवाज तिला पार करून जात नाही तर ती स्वतःच थोडा वेळ माध्यम होते. रेडिओ लहर आली की मात्र धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन त्या लहरीच्या तालावर हलतात आणि तिच्या बरोब्बर उलट असं क्षेत्र (म्हणजे विजेचा आसपास पसरलेला प्रभाव) तयार करतात, आत काही शिल्लकच राहत नाही. तेवढ्यासाठी ही पातळ फॉईलही भरपूर झाली.

मग मी तिला म्हटलं, सातही मुद्दे बाजूला ठेव आणि प्रत्येक लहर समोर आली की एकच विचार, यात हलतंय काय?

आवाजात हवेचे कण हलतात. तेही किती, आपण साधं बोलतो तेव्हा हवेचा कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढाही सरकत नाही, शेजारच्याला धक्का देतो आणि मागे येतो, शेजारचा पुढच्याला देतो. माझ्या तोंडाजवळची हवा तुझ्या कानापर्यंत येतच नाही, येतो तो धक्का. पाण्याच्या लाटेत पाणी, दोरीत दोरी, भूकंपात खडक. ही सगळी यांत्रिक मंडळी, हलायला काहीतरी वस्तू लागते म्हणून माध्यम लागतं, दुसरं काही गूढ कारण नाही. वस्तूच नसेल तर धक्का देणार कोण आणि घेणार कोण.

आणि प्रकाशात? प्रकाशात वस्तू हलत नाही. विद्युतक्षेत्र बदलतं, ते बदललं की चुंबकीय क्षेत्र निर्माण होतं, तेही बदलतं आणि त्यातून पुन्हा विद्युतक्षेत्र, आणि हे दोघं एकमेकांना धरून पुढे जात राहतात, त्यांना तिसऱ्या कोणाची गरज पडत नाही. मॅक्सवेलने १८६५ मधे हे गणितात मांडलं आणि या लहरीचा वेग काढला, त्यासाठी वापरले ते आकडे प्रयोगशाळेत वीज आणि चुंबक मोजून मिळालेले होते, प्रकाशाशी त्यांचा काही संबंध नव्हता, आणि उत्तर आलं ते प्रकाशाच्या वेगाएवढं. मला अजूनही हे वाचताना अंगावर काटा येतो. त्यानंतर वीसेक वर्षांनी, १८८७-८८ मधे हर्ट्झने ठिणगी पाडून अशा लहरी खरोखर तयार केल्या आणि पलीकडच्या तारेच्या कड्यात छोटीशी ठिणगी उडालेली पाहिली. १८९० च्या दशकात जगदीशचंद्र बोसांनी कोलकात्यात याच लहरी वापरून लांबवर ठेवलेली घंटा वाजवून दाखवली. बॉईलच्या त्या घड्याळाशेजारी ही घंटा ठेवून बघा, एकाचा आवाज समोर असून पोचत नाही, दुसरीला वाजायचा हुकूम भिंतीपलीकडून येतो.

पण "काहीच वस्तू हलत नाही" हे पचायला शास्त्रज्ञांनाही फार जड गेलं, म्हणून मुलांना जड गेलं तर मला नवल वाटत नाही. लाट आहे म्हणजे काहीतरी हलत असणारच, या भरवशावर त्यांनी अवकाशभर ईथर नावाचा पदार्थ भरलेला आहे असं मानलं. त्याचे गुण बघा, प्रकाश इतका वेगात जायचा म्हणजे ईथर पोलादापेक्षा कितीतरी ताठ हवा, आणि ग्रह त्यातून न अडता फिरायचे म्हणजे हवेपेक्षाही विरळ हवा. तरी मानत राहिले. १८८७ मधे मायकेलसन आणि मोर्ली यांनी पृथ्वी या ईथरमधून जाताना जो "वारा" लागायला हवा तो मोजायचा प्रयत्न केला, एकमेकांना काटकोनात प्रकाशाचे दोन किरण पाठवले, अख्खं उपकरण पाऱ्यावर तरंगणाऱ्या दगडावर ठेवून फिरवलं, आणि अपेक्षित फरक काही मिळाला नाही. १९०५ मधे आईन्स्टाईनने सांगितलं की ईथरची गरजच नाही. हा मुद्दा परीक्षेत एका ओळीत "माध्यम लागत नाही" म्हणून येतो आणि दोन मार्क मिळतात, पण त्या एका ओळीसाठी माणसं किती वर्षं झगडली हे मुलांना सांगायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

याचा एक परिणाम असा की आवाजाला वारा लागतो, प्रकाशाला लागत नाही. वाऱ्याच्या दिशेने हाक लांब जाते, उलट दिशेने मारली तर विरते, कारण वारा म्हणजे माध्यमच सरकतंय, आणि वर तो जास्त जोरात असल्याने आवाज वाऱ्याच्या दिशेने खाली वाकतो, उलट दिशेने वर उचलला जातो. आवाजाच्या बाबतीत मी गाडीकडे धावतेय की गाडी माझ्याकडे येतेय याने सुरात वेगळा फरक पडतो, हवा साक्षीला असते ना. प्रकाशाच्या बाबतीत असा साक्षीदारच नाही, आपल्या दोघांमधला सापेक्ष वेग काय तेवढंच.

आता वेगाचा मुद्दा. तक्त्यात लिहिलेलं असतं ध्वनी ३४३ मीटर प्रति सेकंद, प्रकाश ३ लाख किलोमीटर प्रति सेकंद, झालं. वीज चमकल्यावर गडगडाट यायला लागलेले सेकंद मोजा आणि ३ ने भागा, किलोमीटर मिळतात, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. मला जास्त आवडतं ते पुढचं. आवाज हवेतून पाण्यात गेला की वेग वाढतो, ३४३ चा १४८० च्या आसपास होतो, पोलादात तर सेकंदाला ५ किलोमीटरच्या वर. प्रकाशाचं नेमकं उलटं, पोकळीत सगळ्यात वेगवान, पाण्यात सव्वादोन लाख किलोमीटर, काचेत साधारण २ लाख. का, तर पुन्हा तोच प्रश्न, हलतंय काय. आवाजात कणच निरोप पोचवतात, ते एकमेकांना जितके ताठ बांधलेले तितका धक्का लगेच पुढे जातो. (पुष्कळ जण म्हणतात पदार्थ दाट म्हणून वेग जास्त, ते चुकीचं आहे, जड कण खरं तर वेग कमी करतात, हीलियम हवेपेक्षा कितीतरी हलका आणि त्यात आवाज सेकंदाला १००० मीटरच्या आसपास पळतो. पोलादाचा ताठपणा त्याच्या वजनावर मात करतो, इतकंच.) प्रकाशाला मात्र कण मदत करत नाहीत, वाटेत येतात. काचेतले इलेक्ट्रॉन त्या लहरीने हलतात आणि स्वतःची जराशी उशिराची लहर सोडतात, दोन्हींची बेरीज मागे पडत जाते.

मग तिने विचारलं ते मला फार आवडलं. "दाराआडून तुझा आवाज येतो पण तू दिसत नाहीस, ते पण याच्याचमुळे का?" नाही! आणि इथेच तक्ता फसवतो, कारण तो फक्त फरक लिहितो. दाराच्या कडेवरून वळणं ही सगळ्याच लहरींची सवय आहे, कोण किती वळणार ते तरंगलांबी ठरवते. बोलण्याच्या आवाजाची तरंगलांबी काही सेंटिमीटरपासून दोन-तीन मीटरपर्यंत, दाराच्या मापाची, म्हणून तो मस्त वळतो. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी, म्हणून तो सरळ जातो आणि सावली पडते. २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर आणि २७५० हर्ट्झच्या शिट्टीचीही साधारण तेवढीच. शिट्टी सेकंदाला पावणेतीन हजार वेळा, वाय-फाय २४० कोटी वेळा, एकात हवा हलतेय, दुसऱ्यात क्षेत्र, पण कोपऱ्यावरून वळण्याच्या बाबतीत दोघंही सारखेच.

भिंतीचं वेगळं. भिंतीतून आवाज येतो म्हणजे भिंतच हलते, आणि जड भिंत भराभर हलवणं अवघड म्हणून शेजारच्या गाण्याचे शब्द कळत नाहीत, नुसती धडधड येते. वाय-फायला वीट फारशी अडवत नाही, प्रकाशाला पूर्ण अडवते, दोघं एकाच कुळातले असून.

अनुतरंग (लहर जाते त्याच दिशेत पुढेमागे हलणारे) आणि अवतरंग (त्या दिशेला आडवे हलणारे) हा मुद्दा मी पटकन उरकणार होते पण तिने धरून ठेवलं. तिच्या डोक्यात बसलेलं की यांत्रिक म्हणजे अनुतरंग आणि विद्युतचुंबकीय म्हणजे अवतरंग. दुसरा भाग ठीक, मोकळ्या अवकाशात प्रकाश अवतरंगच असतो, आणि बघायचं असेल तर पोलराइज्ड गॉगल (एकाच आडव्या दिशेत हलणारा प्रकाश आत सोडणारा) लॅपटॉपच्या स्क्रीनसमोर धरून हळूहळू फिरवा, एका कोनात बऱ्याच स्क्रीन काळ्याठिक्कर होतात. हवेतल्या आवाजाला असा गॉगल बनवताच येत नाही, तो पुढेमागेच हलतो, फिरवायला बाजूच नाही. पण पहिला भाग चूक. भूकंपात दोन्ही प्रकार असतात, आधी पोचणाऱ्या पी लहरी अनुतरंग, मागून येणाऱ्या एस लहरी अवतरंग. द्रव पदार्थ बाजूला सरकवला की परत जागेवर येण्यासाठी ओढत नाही, म्हणून एस लहर द्रवातून जाऊच शकत नाही, आणि पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला त्या थेट पोचत नाहीत हे पाहून कळलं की आत द्रव गाभा आहे. त्याच्याही आत घन गाभा आहे हे इंगे लेमन या डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ बाईंनी १९३६ मधे पी लहरींवरूनच दाखवलं. जिथे आजवर कोणी गेलं नाही, जाणारही नाही, तिथलं घन की द्रव हे नुसत्या लहरींनी सांगितलं. प्रकाश तिथे काय कामाचा, काही मिलिमीटर मातीतच संपतो.

तसंच समुद्रात. अवकाशात रेडिओचं राज्य, पण खाऱ्या पाण्यात वाय-फायसारखी लहर काही सेंटिमीटरमधे संपते आणि हजार मीटरखाली सूर्याचा उजेडही नाही. तिथे आवाज शेकडो किलोमीटर जातो, देवमासे त्याच्यावरच बोलतात, पाणबुड्या त्याच्यावरच बघतात. म्हणून "विद्युतचुंबकीय श्रेष्ठ, माध्यमाशिवाय जातात" असं कोणी म्हटलं की मला पटत नाही.

२०२१ च्या फेब्रुवारीत नासाचं पर्सिव्हरन्स हे यान मंगळावर उतरलं, त्याच्यावर मायक्रोफोन होता. मंगळाची हवा पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी दाबाची, तरी हवा आहे म्हणजे आवाज आहे. वाऱ्याचा आवाज आला, लेझरने दगडावर मारलेली टकटक आली, आणि त्या टकटकीवरून तिथला आवाजाचा वेग मोजला गेला, सेकंदाला साधारण २४० मीटर, उंच सुरांसाठी २५० च्या आसपास. म्हणजे मंगळावर थोड्या लांबून गाणं ऐकलं तर त्यातले बारीक सूर जाड सुरांच्या किंचित आधी पोचतील! मी तिला ते रेकॉर्डिंग ऐकवलं. आणि ते आपल्यापर्यंत आलं कसं, तिथल्या हवेने मायक्रोफोन हलवला, मायक्रोफोनने वीज हलवली, विजेने रेडिओ लहर सोडली, ती कोट्यवधी किलोमीटर पोकळीतून काही मिनिटांत इथे आली आणि शेवटी माझ्या स्पीकरने माझ्या खोलीतली हवा हलवली. आपण रोज फोनवर बोलतो तेव्हाही हेच, दोन्ही टोकांना यांत्रिक आणि मधे विद्युतचुंबकीय.

साडेअकरा वाजत आले होते. तिने तक्त्यात सगळ्यात वर एक नवीन ओळ घातली, "काय हलतं", डावीकडे "वस्तूचे कण", उजवीकडे "विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र". मग पेन तसंच धरून म्हणाली, "आणि त्या ग्रॅव्हिटेशनल वेव्हज? त्या कुठल्या रकान्यात?"

कुठल्याच नाही. गुरुत्वाकर्षणाच्या या लहरी १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने पहिल्यांदा पकडल्या, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली त्याच्या. चार किलोमीटर लांबीच्या बाहूंमधे पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपासचा. येतात प्रकाशाच्याच वेगाने, माध्यमही लागत नाही, पण क्षेत्र विजेचं नाही की चुंबकाचं नाही.

"मग हलतं काय?"

"अंतर. दोन वस्तू आपापल्या जागी असतात आणि त्यांच्यामधलं अंतरच कमीजास्त होतं."

ती बराच वेळ गप्प होती. मग तिने वही आडवी फिरवली आणि तिसऱ्या रकान्यासाठी रेघ मारली.